प्रवाशाचें स्नान

उत्तरेकडील थंड समुद्रांत सहलीस जाणाऱ्या बोटींवर हल्लीं पोहण्याचे हौद आणि ऊन पाण्याचीं कुंडें असतात. बाहेर बोचरा वारा सुटला आहे आणि उतारू गळ्यापर्यंत ऊन पाण्यांत बसून किनाऱ्यावरील बर्फ न्याहाळीत आहेत, हें चित्र ज्यांचीं मुलेंबाळें परदेशीं आहेत अशा वाचकांना आतां अपरिचित नाहीं. हें सुख साधणें मात्र सोपें नसतें. उघड्या हौदाची उष्णता मुख्यतः बाष्पीभवनानें जाते. वारा जितका कोरडा व जोराचा, तितकी ती लौकर जाते. म्हणून अशा बोटींवर पुष्कळदां हौदावर सरकतें काचेचें छप्पर घालतात. कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१२ सालीं बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर समुद्राचेंच पाणी तापवून भरलेला हौद होता, परंतु त्यांत उतरण्याचा अधिकार पहिल्या वर्गाच्या उतारूंनाच होता. स्नानाच्या इतिहासांत पाणी किती ऊन होतें यापेक्षां तें कोणासाठीं होतें, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याचा विचार करण्यास बोटीवर चढावयास नको. बोरघाटाच्या पायथ्याशीं खालापूर तालुक्यांतील खोपोलीस गेलें तरी पुरे.

आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य पनवेलपर्यंत होडीनें येई आणि तेथून चौक, खालापूर करीत खोपोलीस मुक्काम करी. पुढें घाटाची उभी चढण. नेमक्या अशा जागीं नाना फडणविसांनीं मोठें तळें आणि महादेवाचें देऊळ बांधविलें. नाना १८०० सालीं वारले. पुढें १८२५ सालीं कलकत्त्याचे बिशप हेबर या वाटेनें गेले, तेव्हां त्यांनाही या तळ्याची व देवळाची नोंद आपल्या प्रवासवृत्तांत करावीशी वाटली. हिशेबाचा काटेकोर म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुत्सद्द्यानें वाटसरूच्या पाण्यासाठीं पैसा खर्चावा, यांत विसंगति नाहीं. त्या काळीं पुण्य आणि राज्यकारभार यांच्या वाटा पुष्कळदां एकच असत. ज्या घाटानें यात्रेकरू जाई, त्याच घाटानें लमाणांचे बैल आणि लष्करही जाई.

पुढें वाट बदलली. १८३० सालीं घाटांतून गाडीरस्ता झाला आणि १८५६ सालीं आगगाडी खोपोलीपर्यंत आली. त्यानंतर सात वर्षें प्रवासी येथें उतरून पालखींतून किंवा तट्टावर घाट चढत. १८६३ सालीं लोहमार्ग कर्जतच्या पुढें घाट चढून थेट खंडाळ्यास पोंचला आणि खोपोली एका फांट्यावर राहिली. कर्जतास घाट चढण्यासाठीं गाडीस मागून जादा इंजिन जोडूं लागले; तेवढ्या वेळांत प्रवासी फलाटावर कांहीं खाऊन घेई. स्नानाचा प्रश्नच उरला नाहीं. १९१५ सालीं तर घाटमाथ्यावरील धरणांचें पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खालीं सोडून टाटांनीं खोपोलीस वीज निर्माण केली. ज्या गांवीं पाणी प्रवाशाची सेवा करीत होतें, तेथें तें मुंबईच्या गिरण्या चालवूं लागलें.

ऊन पाण्याची हौसही आपल्याकडे नवी नव्हे. खोपोलीहून पालीच्या वाटेनें गेल्यास पालीजवळ उन्हेरें लागतें. ठाण्याकडील वज्रेश्वरीपासून दक्षिणेस राजापुरापर्यंत कोंकणांत जी ऊन झऱ्यांची ओळ आहे, तींतलेंच हें एक. भूगर्भांतील खोल भेगांत मुरलेलें पाणी तेथील उष्णतेनें तापून वर येतें. त्यास ना सरपण लागतें, ना काचेचें छप्पर.

कांहीं वर्षांपूर्वी पौष महिन्यांत आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन खोपोलीच्या तळ्यावर गेलों होतों. पहाटेची वेळ होती आणि पाण्यावर वाफेचा पातळ पडदा होता. पाणी हवेइतकें लौकर निवत नाहीं, म्हणून थंडी खरी वाजते ती बाहेर आल्यावर, असें आम्ही समजावून सांगत होतों. त्या भरांत, नानांनीं हें तळें सर्वांसाठीं बांधलें, असेंही बोलून गेलों. एका विद्यार्थ्यानें शांतपणें विचारलें, “सर, माझ्या खापरपणजोबांना यांत उतरूं दिलें असतें का?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. वास्तविक तें देण्याजोगा इतिहास याच जिल्ह्यांत घडला आहे. सरकारी पैशानें चालणाऱ्या विहिरी, पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्या, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं संमत केला. महाडच्या नगरपालिकेनें तो मान्यही केला. तरी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आणि त्यांचे हजारों अनुयायी चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां गांवांत मारहाण झाली. न्यायालयांतील वाद उच्च न्यायालयांत अखेर १९३७ सालीं संपला. म्हणजे ‘सर्वांसाठीं’ या एका शब्दाचा अर्थ ठरविण्यास ठरावानंतरही चौदा वर्षें लागलीं. तो शब्द आम्हीं मात्र किती वर्षें निष्काळजीपणें वापरला होता!

आज कर्जत-खालापुरांत नव्या हौदांना तोटा नाहीं. विश्रामगृहें, शेतघरें, जलोद्यानें यांतून सुटीच्या दिवशीं शहरांतील कुटुंबें पाण्यांत खेळतात, आणि त्यांत वाईट कांहींच नाहीं. तेथें कोणी कोणाची जात विचारीत नाहीं, तिकीट विचारतात. हा फरक लहान नाहीं. परंतु त्याच तालुक्यांतील ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर चैत्र-वैशाखांत बायका हंडा घेऊन दूर पाणवठ्यास जातात, हेंही त्याच डोळ्यांनीं दिसतें.

त्या विद्यार्थ्यास पुढें आम्हीं पत्र लिहिलें. ‘बहुधा नाहीं’ एवढेंच उत्तर त्यांत होतें, आणि तें वर्गांत देण्याऐवजीं पत्रानें दिलें याबद्दल क्षमा मागितली होती. आतां नानांच्या तळ्याविषयीं शिकवितांना त्याचा तो प्रश्न आम्ही आधीं सांगतों, आणि तळ्याची थोरवी मागाहून.