रोखा जाळला, पण वाचणार कोण?

दोस्तहो, गरिबाला फुकट वकील मिळावा ही गोष्ट दिल्लीहून आली असं आपण धरून चालतो. पण तिचं एक जुनं मूळ आपल्याच मातीत आहे, शिरूर आणि भीमथडीत. ते दंग्यातून फुटलं.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुख या कर्जदारावर हुकूमनामा मिळवला आणि त्याला घराबाहेर काढायला निघाला. गावानं सावकारावर बहिष्कार टाकला. न्हाव्यानं हजामत बंद केली, पाणक्यानं पाणी बंद केलं. (हेच हत्यार १९२७ साली महाडनंतर गावोगाव आपल्या माणसांवर उगारलं गेलं, हे विसरू नका.) १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला. सुपं आज बारामती तालुक्यात. तेव्हा भीमथडीत होतं, आणि आजचा दौंड तालुकाही त्याच भीमथडीतला.

लोकांना हवं काय होतं? कागद. कर्जरोखे आणि हुकूमनामे. जिथं सावकारानं मुकाट्यानं कागद काढून दिले, तिथं त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. मुदतीच्या कायद्यानं रोख्याची मुदत तीन वर्षं. म्हंजे दर तीन वर्षांनी नवा रोखा, व्याज मुदलात, आणि खाली अडाणी कुणब्याची निशाणी नांगर. त्याला आत काय लिहिलंय ते ठावं नाही. समन्स निघालं तरी तो कोरटात जायचा नाही. गेलाच तर बोलणार काय? दंग्याच्या चौकशी आयोगालाही दिसलं की दाव्यांचे ढीग एकतर्फी निकालात निघत होते.

म्हणून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. रोख्यावर काय लिहिलंय तेवढंच न बघता कोर्टानं व्यवहार मुळापासून तपासावा, असं त्यात होतं. आणि त्यातच एक कलम होतं: शेतकऱ्याविरुद्ध वकील उभा असेल आणि शेतकऱ्याची ऐपत नसेल, तर न्यायाधीशानं त्याच्यासाठी सरकारी वकील किंवा दुसरा योग्य माणूस उभा करावा.

मी हे कलम वाचलं तेव्हा आधी हरखलो. मग त्यातल्या अटी मोजल्या. दावा पडलेला पाहिजे. समोर वकील पाहिजे. न्यायाधीशाला वाटलं पाहिजे. उभा राहणारा राजी पाहिजे. शिवाय मदत 'शेतकऱ्या'ला, म्हंजे ज्याचं पोट मुख्यतः शेतीवर त्याला. बलुत्यावर, वेठीवर जगणाऱ्या आपल्या पणज्यानं आपण त्यात बसतो हे आधी सिद्ध करायचं. त्याला तर कर्डे पेटलं त्याच १८७४ सालच्या वतन कायद्यानं बांधून ठेवलं होतं.

ही गाठ सोडवायला वकील लागला तो आपल्यातलाच. बाबासाहेबांनी १९२३ ला वकिली सुरू केली, १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत पैसे नसलेला माणूसही गाऱ्हाणं घेऊन येई. १ जानेवारी १९२७ ला ते याच शिरूर तालुक्यात, कोरेगावला आले. पुढच्याच वर्षी त्यांनी कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. जमीन नावावर झाली, पण जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही.

आता रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभला कारखाने आलेत. जमिनीला सोन्याचा भाव. आमच्याकडे म्हातारी माणसं कागद घेऊन येतात. साठेखत, मुखत्यारपत्र. खाली अंगठा. नांगर गेला, अंगठा आला, एवढाच फरक!

कायदा मात्र १८७९ च्या पुष्कळ पुढं गेलाय. १९७६ ला घटनेत ३९-अ कलम आलं. १९८७ चा विधी सेवा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्यात अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. दावा पडायची वाट बघायची नाही, नुसता सल्लाही फुकट मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. फोन १५१००. अत्याचाराच्या गुन्ह्यात तर २०१६ पासून पीडिताला कार्यकर्ता सोबत घ्यायचा हक्क आहे, आणि फिर्यादीची नक्कल फुकट मिळायचा हक्क आहे.

पण हक्क स्वतःच्या पायानं वस्तीत येत नाही. १८७५ च्या लोकांनी रोखे जाळले, कारण वाचून दाखवणारा कुणी नव्हता. आपण शिकलोय. आठवड्यातून एक दिवस तहसील कचेरीच्या आवारात बसा. सातबारा वाचा, फेरफार वाचा, अर्ज लिहून द्या, पोच घ्या. अंगठा उठायच्या आधी कागद वाचला गेला पाहिजे. उठल्यावर वाचणारे पुष्कळ आहेत, ते फी घेतात.

जय भीम.