एक काढा, अनेक भांडी

मागच्या वेळी आपण जॉन स्टुअर्ट मिलच्या १८४३ सालच्या तर्कशास्त्रापर्यंत आलो होतो. त्याची व्यतिरेक पद्धती आठवते ना? दोन प्रसंगांत बाकी सगळं सारखं, फरक फक्त एका गोष्टीत. मग परिणामातल्या फरकाचं कारण तीच गोष्ट. ऐकायला सोपं वाटतं. पण ‘बाकी सगळं सारखं’ आणायचं कुठून? आज आपण त्याचं उत्तर बिअरच्या कारखान्यात शोधणार आहोत.

माल्टचा गोड काढा एकदाच उकळायचा, थंड करायचा आणि दोन भांड्यांत ओतायचा. धान्य तेच, पाणी तेच. एकात एक यीस्ट, दुसऱ्यात दुसरं. आपल्या घरी एकाच दुधाच्या दोन वाट्यांना वेगवेगळं विरजण लावलं, तर दह्यातला फरक दुधाच्या माथी मारता येत नाही; तसंच हे. घरी बिअर करणारे हौशी लोक आजही हेच करतात.

आता कोपनहेगनला जाऊ. बिअर बिघडली की दोष कुणाला द्यायचा? पाण्याला, हवेला, की कामगाराला? पाश्चरने १८७६च्या ग्रंथात बोट ठेवलं ते मुख्यतः जिवाणूंवर. कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या एमिल हान्सेनला मात्र संशय होता तो यीस्टमध्येच मिसळलेल्या रानटी यीस्टवर. पण मिश्रणातून एक पेशी वेगळी काढायची कशी? त्याने यीस्टचं पाणी इतकं पातळ केलं, की अनेक चंबूंत वाटल्यावर काहींत एखादीच पेशी जावी. चंबू हलवून स्थिर ठेवले. ज्यात वाढीचा एकच ठिपका दिसला, तो एका पेशीचा वंश. १८८३ साली कार्ल्सबर्गमध्ये असं शुद्ध यीस्ट वापरात आलं. मालक याकोबसेन यांनी ते इतर कारखान्यांनाही देऊन टाकलं.

म्हणजे वाटणी दोन कामं करते. तुलना शक्य करते आणि मिसळलेलं निवडून काढते.

पण वाटलेले भाग खरोखर सारखे असतात का? डब्लिनच्या गिनेस कारखान्यातल्या विल्यम गॉसेटने यीस्टच्या पेशी मोजताना दाखवलं, की नीट ढवळलेल्या एकाच द्रवाच्या नमुन्यांतही पेशींची संख्या योगायोगानेच कमीजास्त होते. हा निबंध १९०७चा, ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आलेला. तेव्हा दोन भांड्यांत फरक दिसला, की पहिला प्रश्न हा: एवढा फरक नुसत्या वाटणीनेही पडला असता का? आणि न ढवळता ओतलं, तर शेवटच्या भांड्यात गाळ जास्त जाणारच. ती चूक योगायोगाची नव्हे, आपली.

मिलची अट जगात आयती मिळत नाही. ती ढवळून, मोजून, वाटून तयार करावी लागते, आणि तरी थोडी अपुरी राहते. एखाद्याला दोष देण्याआधी आपण दुसरं भांडं ठेवलं होतं का, हे विचारायची सवय आपल्याला इथून घेता येईल. या अपुरेपणाला मर्यादा कशी घालायची, ते गॉसेटच्या १९०८च्या निबंधात आहे. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.