मॅटाडोर, आरसा आणि क्लीनर

आजचा धागा एका जुन्या गाडीविषयी आहे, आणि त्या गाडीत बसलेल्या माणसाला जे दिसत नसे त्याविषयी.

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका गल्लीत एक जुनी बंद मॅटाडोर उभी होती. मालकांच्या परवानगीने मी चालकाच्या जागी बसले आणि धाकट्या भावाच्या हातात खडू देऊन त्याला गाडीभोवती फिरायला सांगितले. तो मला काचेतून किंवा आरशांतून दिसेनासा झाला की मी ‘गेला’ म्हणायचे, पुन्हा दिसू लागला की ‘आला’ म्हणायचे, आणि दोन्ही वेळा त्याने पायाशी रेघ मारायची. अर्ध्या तासाने खाली उतरून पाहिले, तर पांढऱ्या रेघांनी वेढलेली जागा गाडीहून कितीतरी मोठी होती. डाव्या पुढच्या चाकापाशी भाऊ उकिडवा बसला तेव्हा तो माझ्यापासून दोन हातांवर होता आणि माझ्या लेखी तिथे कोणीच नव्हते. गाडीच्या मागे तर तो चालत चालत गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, तरी ‘आला’ म्हणण्याची वेळ येईना.

या न दिसणाऱ्या जागेला मराठीत अंधबिंदू म्हणतात. शब्द नेत्रविज्ञानातला आहे. एदम मारिओत या फ्रेंच अभ्यासकाने १६६० च्या दशकात दाखवून दिले की दृष्टीची नस जिथे डोळ्याच्या पडद्याला मिळते, तेवढ्या ठिकाणी आपण सगळेच आंधळे असतो. त्यातली खरी गंमत अशी की ती जागा आपल्याला काळी दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा रंग पसरवून ती भरून काढतो आणि तिथे काही उणे आहे याची जाणीवही होऊ देत नाही. गाडीचेही तसेच. आरशात रिकामा रस्ता दिसतो, आणि रिकामा दिसला म्हणजे तो रिकामाच आहे, असे मन परस्पर ठरवून टाकते.

आता गाडीकडे वळू. नवलमल कुंदनमल फिरोदिया हे नगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक. हॅम्बुर्गमधल्या हारबुर्ग इथल्या ‘विडाल अँड झोन, टेंपो-वेर्के’ या कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये त्यांनी ‘हॅन्सीट’ ही तीनचाकी मालगाडी मुंबईत गोरेगावला बनवायला घेतली. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला आणि १९६९ मध्ये तिथून ‘मॅटाडोर’ बाहेर पडू लागली. त्याच वर्षी अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण पुढच्या दोन दशकांत वऱ्हाडातल्या शेतमालाच्या गोष्टीत दोघांचेही नाव येत राहते. बजाज टेंपो कंपनीचे नाव २००५ मध्ये बदलून फोर्स मोटर्स झाले. तोवर ‘टेंपो’ हे जर्मन कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले होते. मॅटाडोरचेही तेच झाले. स्पॅनिश भाषेतला बैलाशी झुंजणारा वीर आमच्याकडे मेटाडोर होऊन तेलाचे डबे, कापडाचे गठ्ठे, भाजीची पोती आणि शेगावला निघालेली अख्खी कुटुंबे वाहू लागला.

गाडीची बांधणी त्या काळाच्या मानाने हुशारीची होती. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना दिली असल्याने मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा नव्हता, आणि म्हणून मागचा तळ सपाट आणि जमिनीलगत ठेवता आला. पोती चढवायला सोपे. नाक आखूड, त्यामुळे समोरचे बरे दिसे. पण बंद पत्र्याच्या मॅटाडोरला बाजूंना खिडक्या नसत, आणि माल छतापर्यंत भरला की आतल्या आरशात दिसायची ती फक्त पोती. मान वळवून मागे पाहावे तर पत्रा. शिवाय आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा गाडीची सबंध डावी कड त्याच्यापासून दूर पडते. आणि पादचारी, सायकली, हातगाड्या, शाळेतून सुटलेली मुले हे सारे असते नेमके डाव्या कडेलाच.

टांग्याच्या घोड्याला किंवा घाण्याच्या बैलाला झापड बांधतात, म्हणजे त्याने आजूबाजूला पाहून बिथरू नये. टांगेवाला मात्र उघड्यावर, उंच बसलेला. त्याला चहूकडचे दिसे. मोटारीत हे उलटे झाले. ओढणाऱ्याला डोळेच उरले नाहीत आणि झापड हाकणाऱ्याला बांधली गेली.

भाऊ मागे इतका लांब जाऊनही का दिसत नव्हता, याचा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. आरसा पत्र्यापासून वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर बाहेर आहे असे धरा. आरशापासून गाडीच्या मागच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर पावणेचार मीटर धरा. आरशातून निघून त्या कोपऱ्याला चाटून जाणारी नजरेची रेघ पावणेचार मीटरमध्ये २० सेंटिमीटरच आत सरकते. गाडीची अर्धी रुंदी ८५ सेंटिमीटर असेल, तर त्या रेघेला गाडीच्या मध्यापर्यंत पोचायला कोपऱ्यापासून मागे सुमारे १६ मीटर लागतात. गाडीच्या बरोबर मध्यावर, मागच्या दारापासून पंधरा मीटरवर उभा असलेला माणूस दोन्ही आरशांत नसतो. मूल असो की उंच माणूस, त्याने फरक पडत नाही, कारण पत्र्यातून कोणीच दिसत नाही. बहिर्गोल आरसा बाजूचा रस्ता जास्त दाखवतो, म्हणून डाव्या बाजूला तोच बरा. पण त्यात वस्तू आहे त्याहून लहान आणि म्हणून लांब भासते. गाडीच्या पाठीमागचे मात्र त्यालाही दिसत नाही.

आरशाच्या इतिहासात एक माणूस सतत येतो आणि सतत गाळला जातो, तो इथे पाहण्यासारखा आहे. १९०९ मध्ये डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक बाईंनी स्त्रियांसाठी मोटारीवर पुस्तक लिहिले आणि त्यात सल्ला दिला की हाताचा छोटा आरसा जवळ ठेवावा, अधूनमधून तो उंच धरून मागचे पाहावे. दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, अमेरिकेत इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे. मागून कोण येते ते पाहून चालकाला सांगणे हे त्याच्या कामांपैकी एक. रे हारून हा गडी एकट्याच्या गाडीतून उतरला. बाकीच्यांनी हरकत घेतली की याला मागचे सांगणार कोण? त्याने चौकटीवर आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. मागचे दाखवणाऱ्या आरशाची जन्मकथा म्हणून ही गोष्ट जगभर सांगितली जाते. पुढे हारूननेच कबूल केले की विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की त्यात धड काही दिसत नव्हते. ही दुसरी ओळ फार कमी ठिकाणी सांगितली जाते. मला तीच जास्त महत्त्वाची वाटते: माणूस काढून आरसा लावला, आणि मागचे दिसेनासे झाले तरी गाडी जिंकली म्हणून कोणी तक्रार केली नाही.

आपल्याकडे तो शेजारचा माणूस काढला गेला नाही. तो टिकला, आणि त्याचे नाव क्लीनर.

नावावरून वाटते की याचे काम गाडी पुसणे. तेही होतेच. चाक बदलणे, पाणी भरणे, ताडपत्री बांधणे, चहा आणणे, रात्री मालावर निजणे, सगळे होते. पण गाडी चालू असताना तो मुख्यतः डोळा होता. चौकात डावीकडे वळताना खिडकीतून अर्धा बाहेर येऊन सायकलवाल्याला हाताने थोपवणारा तो. मागे घेताना खाली उतरून ‘येऊ दे, येऊ दे, उजवी काट, अजून येऊ दे, बस!’ असे ओरडणारा तो. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नसे, म्हणून पत्र्यावरची थाप. एक थाप म्हणजे थांब, लागोपाठ दोन म्हणजे चल. एस.टी.च्या घंटीचीही हीच लिपी, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

या कामाचे शास्त्र होते, आणि जुने चालक ते आजही नेमके सांगतात. मागे घेण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची, आणि फेरी संपताच निघायचे. मध्ये विडी ओढली तर फेरी फुकट, कारण तेवढ्यात मूल येऊन बसते. खिडकी उघडी, गाणे बंद. क्लीनरने गाडीच्या पाठीमागे मध्यभागी कधीच उभे राहायचे नाही, उजव्या आरशात दिसेल असे बाजूला राहायचे. आणि सर्वांत पक्का नियम हा की तो आरशातून नाहीसा झाला की ब्रेक. ‘येऊ दे’ ऐकू येत असले तरीही. आरशात पाहताना थोडे पुढे वाकले की बाजूचा न दिसणारा पट्टा उघडतो, हीही त्यांचीच युक्ती. माझ्या खडूच्या रेघांनी जे अर्ध्या तासात दाखवले, ते त्यांनी पत्रा घासून, खांब वाकवून आणि कधी त्याहून वाईट किंमत देऊन शिकलेले होते. क्लीनर स्वतः तर रोज त्या रेघांच्या आतच वावरे. गाडी मागे येताना भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये असलेला माणूस तोच.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला इथे अडचण येते. मॅटाडोरचा माग काढता येतो. नोंदणी पुस्तकात मालक आहे, इंजिनाचा क्रमांक आहे, सांगाड्याचा क्रमांक आहे. चालकाचा परवाना आहे, त्यावर फोटो आहे. प्रवासी वाहनाच्या कंडक्टरलाही कायद्याने परवाना दिला. क्लीनरला परवाना नाही, त्यामुळे नोंद नाही. गाडीच्या कपाळावर देवाचे नाव असते, मागे मालकाच्या मुलांची नावे असतात. क्लीनरचे नाव रंगवलेली गाडी मी अजून पाहिलेली नाही.

कायद्याने त्याला अजिबात ओळखले नाही असे म्हणता येत नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ‘कामगार’ कोण याची यादी दिली, आणि तिच्यात ड्रायव्हर, कंडक्टर यांच्या पाठोपाठ क्लीनर हा शब्द स्पष्ट आहे. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, मुलांना कामावर ठेवण्यास बंदी, असे सगळे त्यात होते. पण कायदा लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला. त्याहून लहानांना तो लावण्याची मुभा राज्य सरकारकडे होती. आपोआप मात्र तो लागत नसे. आता अकोल्यातली एकच मॅटाडोर बाळगणारा मालक डोळ्यांपुढे आणा. एक गाडी, एक चालक, एक क्लीनर. कधी मालकच चालक. पाच कुठून होणार? म्हणजे ज्याचे काम चालकाला न दिसणारे पाहणे होते, तो स्वतः कायद्याच्या नजरेच्या रेघेबाहेर पंधराव्या मीटरवर उभा होता. तेरा-चौदा वर्षांची किती पोरे या कामावर वाढली ते मोजायला आज एकही रजिस्टर नाही. १९८९ च्या रस्ता नियमांनीही गाडी मागे घेताना कोणाला धोका नाही याची स्वतः खात्री करण्याची जबाबदारी चालकावर टाकली. बंद पत्र्याच्या गाडीत ही ‘स्वतः’ खात्री दुसऱ्याच्या डोळ्यांनी होत असे, याचा उल्लेख कुठे नाही.

१९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली, हिचेच पुढे ओम्नी झाले. तिला चारी बाजूंनी काचा होत्या आणि क्लीनर लागत नव्हता. मग १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागच्या बाजूला अडथळा ओळखणारे सेन्सर सक्तीचे झाले, म्हणजे ‘येऊ दे’ची जागा ‘टिट् टिट्’ने घेतली. जड मालगाड्यांवर क्लीनर मात्र नियमाने राहिला होता. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्रातल्या मालवाहतूकदारांनी संप पुकारला, तेव्हाच्या मागण्यांत ही क्लीनरची सक्ती रद्द करावी अशीही एक मागणी होती. मालकांचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे: कॅमेरे आले, पगार परवडत नाही, या कामाला आता माणसे मिळत नाहीत. कॅमेऱ्याला पाठीमागचे सोळा मीटर खरोखरच दिसतात, हेही मान्य केले पाहिजे. माझा आग्रह एवढाच आहे की जे क्लीनर म्हणून राबले आणि आज साठीत आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवायला हवे. तुमच्या गावात असा कोणी असेल तर त्याला विचारा की गाडी मागे घेताना तो कुठे उभा राहायचा, आणि पगार किती होता. दुसरा प्रश्न विसरू नका.

जठारपेठेतली ती मॅटाडोर संध्याकाळी निघाली. गल्ली अरुंद, पुढून भाजीची हातगाडी आलेली, तेव्हा मागे घेण्यावाचून उपाय नव्हता. मालकांनी काच खाली केली आणि भावाकडे पाहिले. तो दिवसभर गाडीभोवती फिरला होता, म्हणून थेट गाडीच्या पाठीमागे मध्यभागी जाऊन उभा राहिला. मालक इंजिन बंद करून खाली उतरले, त्याचा दंड धरून त्याला उजव्या बाजूला भिंतीपासून दोन पावले पुढे आणून उभे केले, आणि म्हणाले, ‘इथं. अन् मला तुझं तोंड दिसलं पाहिजे.’