सदोष नेमणुकीच्या शिपायाने केलेली अटक

एखाद्या इसमास अटक होते, खटला चालतो, शिक्षाही लागते. आणि पुढे कधीतरी उघडकीस येते की ज्या पोलीस अंमलदाराने त्याला धरले, त्याची नेमणूकच नियमबाह्य होती. निवड मंडळ चुकीचे होते म्हणा, किंवा हुकमावर सही करणाऱ्यास तो अधिकारच नव्हता म्हणा. मग ती अटक सरकारची, की एका खासगी माणसाने केलेली जबरदस्ती? प्रश्न वकिली काथ्याकूट वाटेल. परंतु न्यायशास्त्र त्याच्याशी निदान अठराशे वर्षे झुंजत आले आहे.

रोमन विधिज्ञ उल्पियन याने बार्बेरियस फिलिपस नावाच्या माणसाचे प्रकरण चर्चेला घेतले आहे. हा पळून आलेला गुलाम. आपली ओळख लपवून तो रोममध्ये ‘प्रेटर’ या न्यायाधिकाराच्या पदावर निवडून आला. गुलामाला ते पद धारण करता येत नसे. मग त्याने काढलेले आदेश रद्दबातल समजावयाचे काय? उल्पियनचा कौल असा की ते टिकावेत, कारण त्यांच्यावर विसंबून ज्यांनी आपले व्यवहार केले त्या लोकांचा यात काही दोष नाही. प्रश्न त्या गुलामाचा नव्हता, त्याच्या दारात न्याय मागायला आलेल्यांचा होता. हा उतारा जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’मध्ये, म्हणजे इ. स. ५३३ च्या संकलनात, आजही वाचावयास मिळतो.

इंग्लंडमध्ये या तत्त्वाचे मूळ १४३१ सालच्या एका मठाधिपतीच्या खटल्यात दाखवितात. मठासाठी घेतलेल्या मालाबद्दल त्याने कर्जरोखा लिहून दिला होता; पुढे त्याची निवडच अवैध ठरली. सावकाराने काय करावे? न्यायालयाच्या दृष्टीने तो प्रत्यक्षात मठाधिपती म्हणून वावरत होता, एवढे पुरेसे होते. येथूनच ‘डी फॅक्टो’ अधिकारी, म्हणजे वस्तुतः पदावर असलेला पण कायद्याने नसलेला अधिकारी, ही कल्पना रुजली.

पोलिसांपर्यंत ती पोहोचली ती पुराव्याच्या वाटेने. १७९१ साली एका वकिलाच्या बदनामीच्या दाव्यात न्यायमूर्ती बुलर यांनी सांगितले की, कॉन्स्टेबल वा मॅजिस्ट्रेट त्या नात्याने काम करीत होता एवढे सिद्ध झाले की पुरे. त्याचे नेमणूकपत्र न्यायालयात दाखल करण्याची गरज नाही, खुनाच्या खटल्यातही नाही. यातले मर्म ध्यानात घ्यावे. कॉन्स्टेबलवर सुरी चालविणाऱ्याला ‘आधी त्याची सनद दाखवा’ असे म्हणण्याची सोय उरली नाही.

आपल्याकडे हा विचार थेट कायद्याच्या शब्दांत उतरला. मेकॉलेच्या आयोगाने आरंभिलेल्या आणि १८६० साली संमत झालेल्या दंड संहितेच्या कलम २१ चे दुसरे स्पष्टीकरण सांगते की, जो प्रत्यक्ष पदावर आहे तो लोकसेवकच. त्या पदावरील त्याच्या हक्कात कोणताही कायदेशीर दोष असो. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेनेही हे स्पष्टीकरण कायम ठेवले आहे.

या तत्त्वाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. १९१२ साली ढाका कटाच्या खटल्यात, अनुशीलन समितीचे पुलिन बिहारी दास यांच्या अपिलात, कलकत्ता उच्च न्यायालयापुढे याच तत्त्वाचा प्रश्न आला आणि आशुतोष मुखर्जी यांनी त्याचा इतिहास १४३१ पर्यंत मागे नेला. निकाल विद्वत्तापूर्ण आहे यात शंका नाही. पण सावकाराच्या संरक्षणासाठी जन्मलेले तत्त्व येथे साम्राज्यसत्तेच्या कामी आले, हेही विसरून चालत नाही.

स्वातंत्र्यानंतरची कसोटी न्यायाधीशांच्याच बाबतीत लागली. १९६६ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील जिल्हा न्यायाधीशांच्या काही नेमणुका घटनाबाह्य ठरविल्या. त्यांनी दिलेल्या शिक्षांचे काय? संसदेने डिसेंबरातच विसावी घटनादुरुस्ती करून अनुच्छेद २३३-क आणले व ते निवाडे वाचविले. पंधरा वर्षांनी, १९८१ साली, गोकराजू रंगराजू यांच्या खटल्यात आंध्र प्रदेशातील तशाच प्रश्नाला घटनादुरुस्तीची गरज लागली नाही. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी डी फॅक्टो तत्त्वावरच निवाडे टिकविले. अशा नेमणुकीला आव्हान द्यावयाचे तर ते थेट, त्या अधिकाऱ्यालाच पक्षकार करून द्यावे. आपल्या खटल्यातून आडवळणाने नव्हे. १९८७ साली न्यायालयाने हेच तत्त्व परकीय चलनाच्या प्रकरणात जबाब नोंदविणाऱ्या अंमलबजावणी अधिकाऱ्यालाही लागू केले. तेथून पोलीस ठाणे फार दूर नाही.

मात्र हे छत्र सर्वांवर नाही. मराठी वाचकाला पानिपतानंतर उपटलेला भाऊसाहेबांचा तोतया ठाऊक आहे. तोतया शिपायाला, म्हणजे ज्याच्या मागे कसलीच नेमणूक नाही अशाला, या तत्त्वाचा आधार मिळत नाही. तोतयेगिरी हा स्वतंत्र गुन्हा आहे. तसेच मुळात पदच अस्तित्वात नसेल तर? टेनेसी राज्यातील एका घटनाबाह्य मंडळाने काढलेले रोखे १८८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निरर्थक ठरविले. न्यायमूर्ती फील्ड यांचे म्हणणे सरळ होते: पद असेल तरच त्यावर सदोष माणूस बसू शकतो.

आणि एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन न्यायालयांनी असा भेद केला की, हे तत्त्व जनतेसाठी आहे, त्या अधिकाऱ्यासाठी नव्हे. अटक झालेल्याने आपल्या खटल्यात नेमणुकीचा दोष काढला तर त्याला दाद नाही. पण त्यानेच बेकायदा कैदेबद्दल त्या शिपायावर भरपाईचा दावा लावला, तर ‘मी पदावर होतो’ एवढे सांगून शिपायाची सुटका होत नसे. आपली नेमणूक कायद्याने खरी होती हे त्याला दाखवावे लागे. अटक टिके, आणि भरपाई मात्र ती करणाऱ्याच्या खिशातून जाई.