राखेतून कोण उठणार?

मागच्या वर्षी एका सहकाऱ्याच्या आजीच्या दफनाला गेलो होतो, मुंबईतल्या एका जुन्या सिमेटरीत. जागा अपुरी, म्हणून काही वर्षांनी कबर पुन्हा उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. परतताना मी विचारलं, "मग सरळ अग्नीच का देत नाहीत?" तो म्हणाला, "आता चालतं रे. पण आजीला चाललं नसतं. तिला उठायचं होतं ना."

हे 'उठणं' डोक्यातून जाईना. मला वाटायचं, ख्रिस्ती माणसाचा अनंतकाळ म्हणजे आत्मा स्वर्गात गेला, विषय संपला. वाचायला लागल्यावर कळलं की मूळ दावा त्याहून अवघड आहे. शेवटच्या दिवशी देहसुद्धा उठणार! 'सिमेटरी' ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थच झोपण्याची जागा. पहिल्या-दुसऱ्या शतकात रोममध्ये बहुतेक प्रेतं जाळली जात. ख्रिस्ती लोक मात्र आपली माणसं पुरत, पुढे तर शहराबाहेर भुयारं खोदून एकावर एक खाचांमध्ये निजवत.

विरोधकांनाही हे नीट ठाऊक होतं. इ.स. 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियाँला ख्रिस्ती लोकांना हाल हाल करून मारलं. नंतर प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख रोन नदीत लोटली. हेतू एकच, यांना पुन्हा उठण्याची आशाही उरू नये. मूळ डेटा गेला, आता बॅकअपही पुसून टाकू, असा हिशोब.

पण बॅकअप तिथे नव्हताच, असं ख्रिस्ती विचारवंतांचं उत्तर. मिनुशियस फेलिक्स म्हणतो, जाळल्यानं आमचं काही बिघडत नाही, पुरणं ही फक्त जुनी आणि जास्त चांगली रीत आहे. ऑगस्टिन तर एखाद्या चिवट टेस्टरसारखा टोकाच्या केसेस काढतो. दुष्काळात एकानं दुसऱ्याचं मांस खाल्लं, तर ते मांस शेवटी कोणाचं? त्याचं उत्तर : ज्याच्या देहात ते आधी होतं, त्याचं. खाणाऱ्यानं ते उसनं घेतलं होतं, ते परत जाईल. मला हसू आलं, पण प्रश्न टाळला नाही याचं कौतुकही वाटलं.

तत्त्वात सवलत असली तरी व्यवहार कडकच राहिला. शार्लमेननं आठव्या शतकात सॅक्सन लोकांवर कायदा लादला : प्रेत जाळलं तर देहदंड. एकोणिसाव्या शतकात इटलीत दहनाच्या बाजूनं चळवळ उभी राहिली, 1876 मध्ये मिलानमध्ये दहनगृह झालं. पुढाकार घेणाऱ्यांत चर्चविरोधी मंडळी बरीच होती. 1886 मध्ये रोमनं कॅथलिकांना दहनाची बंदी केली. म्हणजे भांडण आगीशी कमी आणि आग लावणाऱ्यांशी जास्त, असं माझं मत. 1963 मध्ये बंदी उठली. 2016 च्या सूचनेत मात्र राख घरी ठेवू नका, उधळू नका, पवित्र जागी ठेवा, असं सांगितलंय. झोपायला एक ठरलेली जागा हवीच.

आणि मग आपले रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळक प्रोटेस्टंट, त्यामुळे रोमची बंदी त्यांना लागू नव्हती, पण दफनाची रीत त्यांच्या समाजातही पक्की होती. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा चित्पावन कवी 9 मे 1919 ला वारला आणि त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याला अग्नी दिला गेला. राख नंतर अहमदनगरला नेऊन पुरली. अर्धं या घरचं, अर्धं त्या घरचं, असं कोणी म्हणेल. मला त्यात तडजोड दिसत नाही. ज्याला पुन्हा उठण्याची खात्री आहे, त्याला आपल्या जन्माच्या मातीतली रीत सोडायची गरज वाटली नसावी.

सहकाऱ्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "टिळक कवी होते. आजी शिस्तीची होती." मग थोडं थांबून, "कोनाड्यासाठी अर्ज करायचाय. ऑनलाइन होतो का, बघशील?"