उंच बॉनेटची जीप

आमच्या सुलतानपुरातून मेहकर–सिंदखेडराजा रस्ता जातो, आणि लोणारला जायचं तर इथूनच वळतात. या रस्त्यावरच्या गॅरेजात माझी हयात जीपच्या इंजिनांत गेली. महिंद्राच्या जुन्या जीपचं बॉनेट एवढं उंच का, असं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मी रॉकरकडे, म्हणजे कॅमची उचल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या दांडीकडे, बोट दाखवतो.

महायुद्धातल्या विलीस जीपला रॉकर नव्हताच. दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. कॅम उचलेल तेवढाच व्हॉल्व्ह उघडायचा. ताकद 60 हॉर्सपॉवर. पुढं विलीसनं त्याच 2.2 लिटरच्या ब्लॉकवर नवं हेड चढवलं. इनटेक व्हॉल्व्ह मोठा करून वर नेला, एक्झॉस्ट खालीच ठेवला. ताकद 72 झाली. पण पुशरॉड, रॉकर आणि त्यांचं झाकण वर आलं नि इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून 1953 च्या सीजे-3बीचं बॉनेट उचलावं लागलं. महिंद्रानं हीच जीप मुंबईत बनवली, आणि विलीसच्या घरी ती बंद पडल्यावरही तिचं हे रूप आपल्याकडे टिकलं.

रॉकर दोन हातांचा असतो आणि ते हात सारखे नसतात. व्हॉल्व्हकडचा हात पुशरॉडकडच्यापेक्षा दीडपट लांब असेल तर प्रमाण दीड. कॅमनं 7 मिलिमीटर उचललं की व्हॉल्व्ह साडेदहा उघडतो. शेवरलेनं 1955 च्या व्ही-8ला पत्रा दाबून केलेला दीडचा रॉकर दिला. 1996 च्या एलटी4 इंजिनात तो 1.6 झाला, वर्षभरात एलएस1मध्ये 1.7. पण एलएस1 आलं ते सबंध नवं इंजिन होतं, नुसता रॉकर बदलला नव्हता. हे लोकांच्या ध्यानात राहत नाही.

पुण्याला शिकणारी पोरं सुट्टीत जुनी जीप घेऊन येतात. "काका, जास्त प्रमाणाचा रॉकर टाका, पिकअप वाढेल." मी त्यांना हेड उघडून दाखवतो. या पेट्रोल इंजिनात रॉकर फक्त इनटेकला आहे. आत जास्त घेशील, पण जळलेला धूर जुन्याच वाटेनं निघणार. शिवाय स्प्रिंगचा दाब कॅमवर त्याच प्रमाणानं गुणून पडतो. 1.6 चा रॉकर टाकायचाच असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगच्या वेढ्यांत मिळून दीडेक मिलिमीटर जागा उरते का, पुशरॉड भोकाला घासतो का, हे आधी बघावं. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्कर लावून इंजिन हातानं फिरवावं. रॉकरच्या घासण्याची रेघ अरुंद आणि मधोमध उमटली पाहिजे. काठाला सरकली तर तो रॉकर त्या हेडचा नाही.

माझं मत ठाम आहे. जीपचं गेलेलं पिकअप बहुतेक वेळा झिजलेल्या कॅममध्ये आणि ढिल्या रॉकर शाफ्टमध्ये सापडतं. प्रमाण झीजही गुणतं. दीडच्या रॉकरवर कॅम अर्धा मिलिमीटर झिजला की व्हॉल्व्हचा पाऊण मिलिमीटर गेला. नवे बुश, नवा शाफ्ट, फिलर गेजनं नीट लावलेलं टॅपेट, एवढ्यावर तीच जीप चढ ओढते.

नंतर जीपला प्यूजोचं डिझेल इंजिन आलं. त्यात दोन्ही व्हॉल्व्हना पुशरॉड आणि रॉकर. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. तिचा कॅमच हेडवर होता, पुशरॉड गेले, पण रॉकर राहिला आणि टॅपेटचा स्क्रूही राहिला. त्यामुळे जीपवर हात बसलेला मिस्तरी त्या गाडीचं झाकण उघडायला बिचकला नाही.