कुळे : घाटाच्या पायथ्याचे रेल्वेगाव

गोव्यातील कुळे हे गाव लहान. परंतु इतिहास शिकविताना आम्हांस ते फार बोलके वाटते. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातून मार्मागोवा बंदर सह्याद्रीपलीकडील मुलखाशी लोहमार्गाने जोडण्याची योजना निघाली. 1888 साली हा मार्ग घाट चढून कॅसलरॉकला पोचला. वर कॅसलरॉकला इंग्रजांचे जकात नाके, खाली कुळ्यास पोर्तुगीजांचे; सामानाची तपासणी होईपर्यंत प्रवाशांस थांबावेच लागे. 1955 साली भारताने केलेल्या नाकेबंदीत ही वाहतूक तुटली. 1961 साली गोवा मुक्त झाला आणि नाक्यांचे प्रयोजनच सरले.

मग कुळ्याचे रेल्वेतील महत्त्व का सरले नाही? याचे उत्तर भूगोलाकडे आहे. घाटाचा चढ सुमारे 37 फुटांस 1 फूट इतका खडा आहे. वाफेची इंजिने गेली, 1990 च्या दशकात मीटर गेजचे ब्रॉड गेज झाले. तरी वर जाणाऱ्या जड गाड्यांस येथे आजही जादा इंजिने जोडावी लागतात. राज्यकर्त्यांनी आखलेली सीमा पुसली गेली, सह्याद्रीने आखलेली राहिली. म्हणून तहांची सनावळी सांगताना शिक्षकांनी हा चढही फळ्यावर काढून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.